गुरुजींनी पाहिलेली परेड

जगदेवीबाईंना दिल्लीचं बोलावणं आलं तेव्हा साकुळवाडीत झाडून सगळ्यांना आनंद झाला. अपवाद एकच, त्यांचे यजमान.

यजमान म्हणजे माणिकप्पा बिराजदार, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. पत्र त्यांनीच वाचून दाखवलं. सव्वीस जानेवारीचं दिल्लीतलं संचलन पाहायला सरकारनं देशभरातून विशेष पाहुणे बोलावले होते, आणि त्यांत बचत गटाची डाळमिल चालवणाऱ्या श्रीमती जगदेवी बिराजदार यांचं नाव होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'पाहुण्यांना सोबत एक व्यक्ती आणता येईल.' ती एक व्यक्ती म्हणजे आपण, हे गुरुजींच्या ध्यानात यायला अर्धं मिनिट लागलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते सहशिक्षक झाले, प्रभारी मुख्याध्यापक झाले, जनगणनेत प्रगणक आणि निवडणुकीत मतदान अधिकारी क्रमांक दोन झाले. 'सोबत एक व्यक्ती' हे पद त्यांना सरकारनं पहिल्यांदाच दिलं.

तो अपमान त्यांनी गिळला असता. लग्नाला चाळीस वर्षं झाली की माणसाचा घसा तेवढा रुंद होतो. खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते अडतीस वर्षं जुनं होतं.

अडतीस वर्षांपूर्वी तरुण माणिकप्पा शिक्षक संघटनेच्या अधिवेशनासाठी दिल्लीला गेले होते. सव्वीस जानेवारीला सगळ्यांनी मिळून परेड बघायची असं ठरलं होतं. पंचवीस तारखेला त्यांनी छोले-भटुऱ्यांच्या तीन प्लेटा खाल्ल्या, आणि सव्वीस तारीख धर्मशाळेतली खाट आणि धर्मशाळेतला संडास या दोन टोकांमध्ये काढली. परेड त्यांनी ऐकली, मॅनेजरच्या रेडिओवर. गावी परतल्यावर मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय बिराजदार, बघितली का परेड?" गुरुजी म्हणाले, "हाव." खोटं बोलायचं असं काही मनात नव्हतं. अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर छोल्यांपासून सुरुवात करावी लागली असती.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मुख्याध्यापकांनी त्यांना भाषणाला उभं केलं. पहिल्या वर्षी त्या भाषणात नुसते सैनिक होते. दुसऱ्या वर्षी घोडदळ आलं, चौथ्या वर्षी उंट आले, आणि दहाव्या वर्षी एका घोडेस्वारानं गुरुजींकडे बघून मान लववली. साकुळवाडीच्या दोन पिढ्या हे भाषण ऐकत मोठ्या झाल्या. बाकी कुठल्याही बाबतीत नवऱ्याचं न ऐकणाऱ्या जगदेवीबाईसुद्धा परेडचा विषय निघाला की गप्प बसून ऐकत. आता त्याच जगदेवीबाई परेड पाहणार होत्या, गावातल्या दुसऱ्या साक्षीदार होणार होत्या, आणि त्यांना खोटं बोलायची अजिबात सवय नव्हती.

"गुरुजी, आता मज्जा हाय," शेजारचे रामकिशन म्हणाले. रामकिशन एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. तिकीट न काढलेला माणूस अंधारातही ओळखायची त्यांना सवय होती. "तुमी आन वैनी दोघं बी बघून आलाव म्हंजे दोघांचं सांगणं मिळवून बघता येईल. तुमचं ते घोडेस्वाराचं मला कदीच पटलं न्हाई."

"मिळवायचं काय त्यात?" गुरुजी म्हणाले.

"तसं न्हाई, पण एकाच्या सांगण्यावर किती दिवस चालायचं?"

त्या दिवसापासून गुरुजींची भूक कमी झाली. बातमी पसरली तशी सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. एकानं सांगितलं की दिल्लीत थंडी अशी की डोळ्यातलं पाणी गोठतं, म्हणून जायच्या आधी आठ दिवस मोहरीचं तेल पायाला चोळा. दुसऱ्यानं सांगितलं की तिथं मोठ्यानं शिंकलं तरी पोलीस धरतात. हे सगळे सल्लागार सल्ला देऊन झाला की गुरुजींकडे बघत आणि म्हणत, "तुमाला तर ठाऊकच हाय म्हणा." गुरुजी जड मानेनं होकार देत.

मध्येच सुटकेची एक आशा निर्माण झाली. पाहुण्यांची पोलीस पडताळणी होती, आणि तिच्यात दोघांची जन्मतारीख एकच निघाली, एक जून एकोणीसशे बासष्ट. वरच्या कार्यालयातून फोन आला की नवरा-बायको एकाच दिवशी जन्मलेत, हा काय प्रकार आहे? आता शाळेत नाव घालताना ज्याची जन्मतारीख घरात कुणाला आठवत नाही त्याची एक जून लावायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. खुद्द माणिकप्पांची त्यांच्या गुरुजींनी तशीच लावली होती. पुढं प्रौढ साक्षरतेच्या वर्गात बायकोचं नाव घालताना त्यांनी तीच लावली आणि घरचाच मामला म्हणून सालही तेच ठेवलं. "अर्जच बाद होईल बहुतेक," ते घरी म्हणाले. हे सांगताना आवाजात दुःख आणायचा त्यांनी बराच प्रयत्न केला.

पण शिरूर अनंतपाळला ठाण्यात जबाब घेणाऱ्या हवालदारानं कागद पाहिला आणि विचारलं, "ह्यात गैर काय हाय? माझी बी एक जूनच हाय." लातूरला ज्या साहेबांकडे प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं त्यांचीही एक जून निघाली. त्यांनी स्वतः दिल्लीला फोन लावला आणि चढ्या आवाजात सांगितलं की आमचा अर्धा जिल्हा त्याच दिवशी जन्मला आहे, तुम्ही कितीजणांना परत पाठवणार? दोन दिवसांत पास मंजूर झाले. ज्या शिरस्त्याला गुरुजींनी जन्मभर हातभार लावला, त्यानंच ऐन वेळी दगा दिला.

निघायच्या आठवड्यात सत्कार सुरू झाले. आमच्या भागात माणूस काही करून आला की सत्कार होतोच, पण काही करायला निघाला तरी होतो. ग्रामपंचायतीत झाला, शाळेत झाला, डाळमिलच्या बायकांनी केला. शिरूर अनंतपाळला जुन्या विद्यार्थ्यांनी एस.टी. थांबवून केला. प्रत्येक ठिकाणी शाल आणि श्रीफळ गुरुजींना मिळालं, कारण आमच्याकडे नवऱ्याला सोडून बायकोला शाल देत नाहीत, आणि बाहेरच्या गावांत तर अशी समजूत होती की बोलावणं गुरुजींनाच आलंय आणि वैनी सोबतीला चालल्यात. गुरुजींनी ही समजूत दुरुस्त केली नाही. आधीच एक समजूत अडतीस वर्षं राहिली होती, तिथं आणखी एकीनं काय बिघडणार होतं! जगदेवीबाईंची ओटी भरली जाई. त्या ओटीतही एक नारळ असे.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते. तेवढ्यात तिथल्या एका विद्यार्थ्यानं दोन नारळांचा सत्कार उरकला. नांदेडला पोचेपर्यंत नारळांची संख्या तेरा झाली होती, सात मानाचे आणि सहा ओटीचे. लेक उज्वला आणि जावई शिवशंकर स्टेशनावर पोचवायला आले होते. पिशवी उचलताना शिवशंकररावांच्या खांद्यातून कट्ट असा आवाज आला.

"आई, नारळ इथंच ठेव की," उज्वला म्हणाली.

"ओटी घरच्या देवापुढंच उतरवावी लागते. लेकीच्या दारात उतरवू का?" जगदेवीबाई म्हणाल्या.

"मग निदान बाबांचे तरी?"

"मानाचं नारळ असं वाटेत टाकत नसतात," गुरुजी म्हणाले. जावयासमोर मानाचा प्रश्न होता. बियाण्याच्या कंपनीनं वाटलेल्या हिरव्या पिशवीत तेरा शेंड्यांसकट ते नारळ गाडीत चढले आणि दिल्लीकडे निघाले.

प्रवासभर गुरुजींना एकच विचार होता. परेड बघायला मिळाली की ती डोळ्यांत साठवून घ्यायची, जुनं भाषण तिच्याशी जुळवायचं आणि घोडेस्वाराचं प्रकरण हळूच मिटवायचं. पण दिल्लीत उतरल्यावर कळलं की हे सोपं नव्हतं. पाहुण्यांची सोय एका वसतिगृहात होती, आणि महाराष्ट्रातून आलेल्या चाळीसेक बायकांना जगदेवीबाईंनी पहिल्याच दिवशी कौतुकानं सांगितलं की आमच्या यजमानांनी ही परेड आधी बघितलीय. झालं. स्वच्छतागृह कुठं असतं, खुर्च्या कितव्या रांगेच्या चांगल्या, राष्ट्रपती कोणत्या बाजूनं येतात, चाळीस तोंडांतून प्रश्न येऊ लागले. गुरुजींनी जेवणाच्या वेळा बदलून घेतल्या.

पंचवीस तारखेला संध्याकाळी पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी बाईंनी सगळ्यांना जमवून सांगितलं: पहाटे पाचला बस निघेल, खोल्या रिकाम्या करा, सामान बसमध्येच राहील, आत काही न्यायचं नाही. चाळीस बायकांच्या मध्ये बसमध्ये तीन तास बसायचं, या कल्पनेनं गुरुजींना घाम फुटला. बाहेर थंडी सहा अंश होती.

"परेड साडेदहाला असते," खोलीत आल्यावर ते म्हणाले. "पाचला नेऊन उगं गारठ्यात बसवत्यात. आपण सातला निघू. मला जवळची वाट ठाऊक हाय."

"बस चुकली तर?" जगदेवीबाईंनी विचारलं.

"बघितलंय ना म्या?"

जगदेवीबाईंनी दोन्ही पास उशाशी ठेवले. हा एकच विषय असा होता की त्यात त्या बोलत नसत. पहाटे सरकारी बाईंनी दार वाजवलं तेव्हा गुरुजींनी पांघरुणातून आवाज दिला, "आप चलो, हम पीछेसे आते!" आणि बस गेली.

सातला दोघं बाहेर पडली. जगदेवीबाईंनी ठेवणीतली हिरवी इरकल नेसली होती आणि त्यावर शाल घेतली होती. गुरुजींच्या डोक्यावर फेटा होता आणि खांद्यावर तेरा नारळ. कपड्यांची बॅग त्यांनी वसतिगृहाच्या पहारेकऱ्याकडे ठेवली होती, पण मानाचे नारळ कुणाच्या स्वाधीन करवत नव्हते. धुकं असं होतं की पुढचा रस्ता दिसत नव्हता, आणि जो दिसत होता तो बंद होता. पहिल्या रिक्षावाल्यानं नकार दिला. दुसऱ्यानं मैलभर नेलं आणि लोखंडी अडथळ्यांपुढं उतरवून दिलं. गुरुजी डावीकडे वळले, मग उजवीकडे वळले, मग एका बागेला पूर्ण प्रदक्षिणा घालून पुन्हा त्याच अडथळ्यांशी आले. तिथल्या शिपायानं त्यांना ओळखून हात केला.

"अवो," जगदेवीबाई थांबल्या. "ती जवळची वाट कोनती?"

गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. आणखी एखादी वाट सुचते का हे त्यांनी पाहिलं. सुचली नाही.

"मला ठाऊक न्हाई," ते म्हणाले. "म्या परेड बघितलीच न्हाई. त्या दिवशी पोट बिघडलं व्हतं. रेडिओवर ऐकली."

जगदेवीबाई फुटपाथच्या काठावर बसल्या.  समोरून बँडचा सराव ऐकू येत होता.

"किती वर्सं झाली?"

"अडतीस."

"आन मला आज सांगून राहिलाव."  त्यांना राग आला होता, आणि रागापेक्षाही जास्त वाईट वाटलं होतं. "बाकी कायबी खोटं बोलला असता तर चाललं असतं. तेवढ्या एकाच गोष्टीत म्या तुमचं ऐकत व्हते. गटातल्या बायका इचारत्याल, जगदेवीआक्का, काय बघितलंस? तर काय सांगू, बाग बघितली?"

  जगदेवीबाई उठल्या, पदर खोचला, पिशवीची एक बाजू स्वतः धरली आणि म्हणाल्या, "साडेआठ वाजले. चला. आता बोलायचं न्हाई."

डाळमिलसाठी बँकेपासून वीजमंडळापर्यंत सगळ्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या बाईला रस्ता विचारायला हिंदी लागत नाही. जगदेवीबाई दिसेल त्या खाकी कपड्यापुढं पास धरत आणि फक्त "किधर?" विचारत. तो हात करी, की त्या चालू लागत. वीस मिनिटांत त्या आपल्या दारासमोर होत्या. दार नऊला बंद होणार होतं, आणि आठ वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

"थैला अंदर नहीं जाएगा," दारावरचा मिशाळ हवालदार म्हणाला. "क्या है इसमें?"

"नारियल," गुरुजी म्हणाले. "तेरह."

हवालदारानं आधी गुरुजींकडे, मग फेट्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं. "क्यों?"

सत्काराची पद्धत, मानाचे नारळ, ओटीचे नारळ आणि घरचा देव हे सगळं आठ मिनिटांत हिंदीत समजावणं शक्य नव्हतं. गुरुजींनी प्रयत्न केला. "ये हमारे को इज्जत का मिला हुआ है" इथपर्यंत आल्यावर हवालदारानं हात जोडले. मग गुरुजींनी निम्मे नारळ त्यालाच देऊ केले. "हमको रिश्वत देते हो?" तो म्हणाला. आता मान, देव आणि घर तिन्ही बाजूला ठेवून गुरुजींनी पिशवी एका कडुलिंबाखाली ठेवली आणि दोघं दाराकडे वळली.

सव्वीस जानेवारीला, दिल्लीत, परेडच्या दारापासून वीस पावलांवर, बेवारस पिशवी ठेवणारा माणूस साकुळवाडीतच जन्मावा लागतो. पहिली शिट्टी वाजली, मग चार वाजल्या. लोक मागं पळाले. दोरी लागली. कुठून तरी एक तपकिरी कुत्रा आला, त्याच्यामागं जाड कपडे घातलेले दोन जवान आले. कुत्र्यानं पिशवी हुंगली आणि एक नारळ शेंडीला धरून बाहेर ओढला. जमलेल्या लोकांनी 'हाऽऽ' केलं.

"मेरा है!" गुरुजी हात वर करून धावले. "मेरा ही है! हम शिक्षक है!"

हे दुसरं वाक्य त्यांनी का जोडलं ते त्यांनाही पुढं कधी सांगता आलं नाही. जवानांनी तेराही नारळ एकेक करून हलवून पाहिले, एकात पाणी नव्हतं तर तो दोनदा हलवला, आणि पिशवी गुरुजींच्या हातात दिली. नऊला दोन मिनिटं कमी होती.

"सुनिए मास्टरजी," हवालदार आता थोडा निवळला होता. "एक आदमी थैला पकड़ के बाहर रहेगा। एक अंदर जाएगा। जल्दी बोलो कौन।"

"तुमी जावा," जगदेवीबाई म्हणाल्या.

गुरुजींना वाटलं की आपण चुकीचं ऐकलं.

"जावा म्हनते न्हवं का! गटातल्या बायकांना म्या सांगेन की गर्दी व्हती. पण तुमी अडतीस वर्सं सांगून राहिलाव, गावाफुडं उघडं पडू नका. एकदा बघून या, म्हंजे खरं व्हईल." एवढं म्हणून त्यांनी पिशवी आपल्याकडे ओढली. राग अजून चेहऱ्यावरून गेलेला नव्हता, आणि तरी त्या असं म्हणत होत्या.

आता इथं खोटं कशाला सांगा, गुरुजींनी दोन पावलं टाकली. आतून माइकवर कुणीतरी स्वच्छ हिंदीत स्वागत करत होतं. आत गेलं की सगळं मिटत होतं. रामकिशनचे प्रश्न मिटत होते, घोडेस्वारही निभावला असता, भाषण खरं झालं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी मागं वळून पाहिलं. इरकल नेसलेली बायको तेरा नारळांची पिशवी पोटाशी धरून रस्त्यावर उभी होती, आणि तिच्या गळ्यात पास होता. त्या पासवर तिचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. गुरुजींच्या पासवर 'सोबत एक व्यक्ती' होतं. बोलावणं कुणाला आहे याबद्दल दिल्लीची काही गैरसमजूत नव्हती.

ते परत आले आणि पिशवी त्यांनी हिसकावूनच घेतली.

"बोलावणं तुझं हाय," ते म्हणाले. "पळ."

जगदेवीबाईंनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि खरोखरच पळाल्या. त्या आत शिरल्या आणि दार बंद झालं.

गुरुजी कडुलिंबाखाली पिशवीवर बसले. अडतीस वर्षांनी ते पुन्हा त्याच शहरात, त्याच तारखेला, त्याच परेडच्या बाहेर होते. या वेळी पोट ठीक होतं एवढीच काय ती प्रगती. साडेदहाला तोफा झाल्या आणि राष्ट्रगीत सुरू झालं. गुरुजी सावधान उभे राहिले. हवालदारही उभा राहिला. त्याची पाठ दाराकडे होती आणि तोंड गुरुजींकडे, कारण त्याची ड्यूटीच तशी होती.

"आपने तो बहुत बार देखा होगा," राष्ट्रगीत संपल्यावर गुरुजी म्हणाले.

"ग्यारह साल से इसी गेट पर हूँ," हवालदार म्हणाला. "एक बार भी नहीं देखा। मुँह हमेशा इधर ही रहता है। गाँव में सबको बोलता हूँ, देखा है।"

गुरुजी त्याच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पिशवीतून मानाच्या सातांपैकी एक नारळ काढला, फुटपाथच्या कडेवर फोडला आणि अर्धा त्याच्यापुढं धरला. ही रिश्वत नव्हे हे त्यालाही कळलं. दोघं खोबरं खात परेड ऐकत राहिले. वर एकदम गडगडाट झाला आणि धुक्याच्या फटीतून विमानं डोक्यावरून गेली, तीन, मग पाच, शेपटीतून रंग सोडत. विमानांना पास लागत नाही. गुरुजींनी फेटा धरून मान मागं टाकली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. त्यांना फार बरं वाटलं.

दुपारी जगदेवीबाई बाहेर आल्या. त्यांचं नाक थंडीनं लाल झालं होतं आणि चेहरा असा होता की गुरुजींना लग्नातला आठवला.

"काय काय बघितलंस?" गुरुजींनी अधीर होऊन विचारलं.

"गावात सांगीन."

"मला तरी सांग की."

"तुमाला न्हाई. वाटंत सांगितलं तर तुमी पाठ करताल."

आणि खरोखरच नांदेड येईपर्यंत त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. गुरुजींनी भोपाळजवळ हळूच विचारलं की घोडे पांढरे होते का, तर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग मात्र गुरुजींनी विचारणं सोडलं. गावात काय सांगायचं ते आता त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं.

साकुळवाडीत शाळेच्या मैदानावर मांडव टाकला होता. तरटपट्ट्यांवर पोरं बसली होती, मागं गाव उभं होतं, आणि पहिल्या खुर्चीवर रामकिशन पाय रोवून बसले होते. सवयीप्रमाणे माइक गुरुजींच्या हातात आला. त्यांनी घसा साफ केला. 

"मी परेड बघितली न्हाई," गुरुजी म्हणाले. "आता बी न्हाई आन तवा बी न्हाई. तवा आजारी व्हतो. तुमाला दरसाल जे सांगितलं ते रेडिओवर ऐकलेलं आन पदरचं व्हतं. बोलावणं माझं नव्हतंच, जगदेवीचं व्हतं. सत्कार मात्र मी घेत फिरलो. चुकलं."

 गुरुजींनी रामकिशनकडे बघायचं टाळलं, पण रामकिशन उभे राहिले होते आणि त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"असं करू नका गुरुजी," ते म्हणाले. "म्या तुमचंच ऐकून सासुरवाडीला 'म्या बघितली' म्हणून सांगून राहिलोय. वीस वर्सं झाली. आता म्या काय करू?"

आधी पोरं हसली, मग गाव हसलं, आणि शेवटी रामकिशनही बसून हसू लागले. गुरुजींच्या छातीवरचं ओझं इतक्या सहज उतरलं की त्यांना जरा अपमानच वाटला. त्यांनी माइक बायकोच्या हातात दिला. जगदेवीबाईंनी जन्मात माइक धरला नव्हता. त्यांनी तो पोळपाटावरच्या लाटण्यासारखा दोन्ही हातांनी आडवा धरला. कुणीतरी तो उभा करून दिला. डाळमिलच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेजवर गुरुजींसाठी खुर्ची होती. तिच्याकडे न बघता ते खाली उतरले आणि पोरांच्या रांगेत तरटपट्टीवर मांडी घालून बसले. पुढच्यांच्या डोक्यांवरून दिसावं म्हणून त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"तर म्या आत गेले," जगदेवीबाई म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज कर्ण्यातून ऐकून क्षणभर थांबल्या. "दम लागला व्हता. एका बाईनं सरकून जागा दिली. फुडं रस्ता, हे एवढा रुंद, आन एकदम मोकळा. मला वाटलं, आपण उशिरा आलो आन समदं होऊन गेलं…"

तरटपट्टीवरून एक हात वर झाला. पोरं वळून बघू लागली. हात गुरुजींचा होता.

"बोला," जगदेवीबाई म्हणाल्या.

गुरुजी उठून उभे राहिले. परेड दोनदा ऐकलेल्या आणि एकदाही न पाहिलेल्या माणसाला जे विचारायचं असतं तेच त्यांनी विचारलं.

"सैनिक येत्यात तवा आधी ते दिसत्यात, का आधी पावलं ऐकू येत्यात?"

जगदेवीबाईंनी विचार केला. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"आधी पायाखाली कळतंय," त्या म्हणाल्या. "खुर्चीच्या पायातनं वर येतंय. मंग ऐकू येतंय. आन मंग, अवो, मंग जे दिसतंय…" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "बसा खाली. समदं सांगते."

गुरुजी बसले.